पाणक्या: सुपरहिरो डिटेक्टिव्ह कॉमिक करताना ठेवलेल्या नोंदी

मराठीत कॉमिक स्वतः काढून स्वतः छापायचं असेल तर कुठे कुठे अडतं हे एका जागी लिहिलेलं मला मिळालं नाही, म्हणून माझ्या वहीतल्या नोंदी इथे टाकतोय. घरच्या गोष्टी काढल्यात आणि हिशोब एकत्र केलाय, बाकी जसं लिहिलं होतं तसंच. नोकरी सांभाळून केलेलं काम आहे, रोज रात्री दीड-दोन तास आणि रविवार पूर्ण. सगळ्या तारखा 2024 च्या.

2 जून

स्क्रिप्ट संपली. आतली 32 पानं, वर कव्हर. गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो, नाहीतर पुढे काय बदललं ते कळणार नाही.

नारायण पेठेतला एक वाडा पाडताना भिंतीतून लोखंडी ट्रंक निघते. मालकांचा मुलगा तात्या म्हणतो, ही आमचीच, 1961 च्या पानशेतच्या पुरात गेली असं वडील सांगायचे, म्हणजे तेव्हाच्या भाडेकरूने चोरून भिंतीत लपवली. तो भाडेकरू 1963 ला वारला. त्याची बायको माई अजून त्याच वाड्यात राहतेय आणि साठ वर्षं हा संशय डोक्यावर घेऊन जगतेय. पाणक्या आपला हिरो. ओल्या वस्तूला हात लावला की ती वस्तू पूर्वी जेव्हा जेव्हा भिजली होती तेव्हा तिच्या आजूबाजूला काय घडलं ते त्याला दिसतं. वस्तू कोरडी असतानाचं काही म्हणजे काही दिसत नाही. ही अट मी मुद्दाम घातली कारण हिरोला सगळंच दिसायला लागलं तर तपास कशाचा करणार, मग डिटेक्टिव्ह म्हणायचं कशाला. पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा जो भुयारी नळ बांधला त्यातून तो फिरतो आणि उच्छ्वासातून, म्हणजे नळावरच्या विहिरीसारख्या हवेच्या बांधकामातून, वर येतो.

खरं काय घडलं: ट्रंक पुरात भिजली पण वाचली. तात्याच्या वडिलांनी ती गेली असं सांगितलं, कारण आतल्या दागिन्यांत त्यांच्या बहिणीचा वाटा होता, आणि 1966 साली भिंत नव्याने बांधून घेताना आत चिणून टाकली. भिंतीचा चुना ओला होता त्यामुळे ट्रंक दुसऱ्यांदा भिजली आणि ते पाणक्याला दिसतं. ही दुसरी ओल म्हणजे गोष्टीचा गाभा आहे.

काळ सहा आहेत: आज, 11 जुलै 1961 ची रात्र, 12 जुलैचा दिवस (सकाळ आणि दुपार मिळून एक), 1966, पाणक्याचं लहानपण, आणि माई सांगते ती 1958 ची आठवण. मला हे सगळं स्वच्छ दिसतंय.

9 जून

पेन्सिलने कच्ची पानं काढून झेरॉक्स केल्या आणि सहा जणांना वाचायला दिल्या: ताई, भाचा (13 वर्षं), मामा, शेजारच्या काकू, ऑफिसमधले दोघं. वाचून झाल्यावर प्रत्येकाला सहा चिठ्ठ्या दिल्या, एकेका काळाची एक, आणि घडलं त्या क्रमाने लावायला सांगितल्या. बरोबर लावल्या एकाने, ऑफिसमधल्या ज्या मित्राकडे कॉमिक्सचं कपाट आहे त्याने. काकू 14व्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, आता हे कोणतं साल चालू आहे?" ताईला तरुण माई ही वेगळीच बाई वाटली त्यामुळे तिच्या हिशोबात गोष्टीत दोन बायका होत्या आणि दुसरी अचानक गायब झाली.

हे ऐकताना फार लागलं. दीड वर्ष ही गोष्ट माझ्या डोक्यात आहे म्हणून मला स्वच्छ दिसते, वाचणाऱ्याकडे फक्त पान असतं.

माईचं लगेच दुरुस्त केलं. डाव्या भुवईवर आडवा व्रण आणि डाव्या हातात एकच जाड पाटली, प्रत्येक वयात, प्रत्येक पॅनेलमधे, म्हणजे चित्राच्या प्रत्येक चौकटीत. वय बदललं की चेहरा बदलतो, त्यामुळे चेहऱ्यावर विसंबून राहता येत नाही, चेहऱ्याशिवाय एक तरी खूण लागतेच. तात्याच्या वडिलांना काळी टोपी आणि कानात भिकबाळी दिली.

16 जून

पहिला उपाय, जो सगळे करतात तो, जुना काळ तपकिरी. पण माझ्याकडे जुने काळ पाच, मग 1961 तपकिरी, 1966 हिरवट, लहानपण निळं, 1958 काळंपांढरं असं केलं. आठ पानं रंगवून पुन्हा त्याच लोकांना दाखवली. भाच्याने विचारलं, "मामा, हिरवा म्हणजे काय होतं?" म्हणजे त्याला रंगांची यादी पाठ करायला लावतोय मी. चार रंग कुणी लक्षात ठेवत नाही. आठ पानांचं रंगकाम फुकट, साधारण 22 तास.

दुसरा उपाय, चौकटीच्या कोपऱ्यात मजकूर. "63 वर्षांपूर्वी", "त्याच्या आदल्या रात्री", "त्याही आधी". हे अजून वाईट झालं. "त्याही आधी" म्हणजे कशाच्या आधी ते समजायला मागचं पान उलटावं लागतं आणि एकदा मागे गेलेला माणूस पुढे यायचा कंटाळा करतो. सरळ तारखा लिहिल्यावर थोडा फरक पडला, सहापैकी दोघांना जमलं. पण काकूंनी एकही तारीख वाचली नव्हती, त्या म्हणाल्या कोपऱ्यातलं मी वाचतच नाही, माणसं काय बोलतात ते वाचते.

23 जून

पाणक्याचा पोशाख. कोकणात आणि मावळात शेतात लावणी करताना डोक्यावर पाठीवर घेतात ते इरलं, त्याच्या सावलीत चेहरा लपतो, वेगळा मुखवटा लागत नाही. कल्पना मला अजून आवडते. पण इरल्याचं विणकाम आणि पानं एकेक रेघ मारत काढली तर एका पॅनेलला 40 मिनिटं जात होती आणि पाणक्या जवळपास 90 पॅनेलमधे आहे. म्हणजे नुसतं इरलं 60 तास. शेवटी पूर्ण काळं भरून कडेला चार-पाच पांढऱ्या रेघा ठेवल्या, 4 मिनिटांत होतं आणि लांबूनही ओळखू येतं. पोशाख ठरवताना आधी तो दहा वेळा काढून घड्याळ लावून बघा, मग ठरवा.

7 जुलै

पक्की पानं सुरू. 1961 ची पाच पानं शाईत झाली होती, मामांना दाखवली. मामांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा भिडे पूल काढलायस की काय? तेव्हा कुठे होता भिडे पूल?" बरोबर होतं. मी नदीकाठचा फोटो आत्ताचा वापरला आणि त्यातून पूल तसाच कागदावर आला. तो कितीतरी नंतर झालेला पूल आहे. पान 6 पूर्ण नव्याने काढलं, लकडी पुलाच्या बाजूने.

मग सगळंच तपासायला बसलो तर अजून सापडलं. माईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी 12 जुलै सोमवार टाकला होता, तो बुधवार होता. गोष्टीत कॅलेंडर हा पुरावा असेल तर वार चुकून चालणारच नाही. तपासाची गोष्ट वाचणारा माणूस प्रत्येक पॅनेलकडे संशयाने बघतो, त्याला मागच्या भिंतीवरची चूकसुद्धा धागा वाटते आणि तो त्याच्या मागे जातो. साध्या गोष्टीत खपून जाईल ते इथे खपत नाही.

25 ते 28 जुलै

काम बंद. 25 ला पहाटेपासून पाऊस आणि खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, डेक्कनच्या बाजूला पुलाच्या वाडीत शॉक लागून माणसं गेली. आमच्याकडे कर्वेनगरला पाणी आलं नाही, लाईट दीड दिवस नव्हती. दुसऱ्या दिवशी मित्राबरोबर एकतानगरीत एका ओळखीच्यांच्या घरातला गाळ काढायला गेलो होतो. फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं सगळं एकाच रंगाचं झालेलं.

दोन दिवस त्या पानांकडे बघवत नव्हतं. महिनाभर मी पूर काढत होतो आणि माझ्या पानावरचं पाणी निळं होतं. पुराचं पाणी निळं नसतं, गढूळ तांबूस असतं, आणि ओसरल्यावर भिंतीवर त्याच रंगाची एक सरळ रेघ राहते, पट्टी लावून मारल्यासारखी. ती रेघ मी एकतानगरीत घराघरात पाहिली. पुराच्या सगळ्या पानांमधलं निळं काढायचं ठरवलं.

4 ऑगस्ट

ती रेघ हाच उपाय निघाला.

आजच्या काळातले पॅनेल सरळ चौकटीत, मधल्या पट्ट्या पांढऱ्या. जुना काळ आला की पॅनेलभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यांमधे गढूळ रंग भरायचा, पण त्या वेळी वाड्यात पाणी जेवढं होतं तेवढ्याच उंचीपर्यंत. 11 जुलैच्या रात्री पानाच्या तळाला बोटभर, नुसता पाऊस आणि गळणारं छप्पर. 12 च्या सकाळी पाव पान. दुपारी जवळजवळ वरपर्यंत. 1966 मधे पाणी नाही, फक्त पट्टीवर वाळलेल्या डागाची रेघ, दुपारच्या पातळीला. गोष्टीत मी आधी दुपार दाखवतो, मग आदली रात्र, मग सकाळ, असं उलटसुलट, पण पाण्याची उंची बघून माणूस आपोआप लावून घेतो. काही पाठ करायला लागत नाही, कारण पूर चढतो आणि मग डाग राहतो हे पुण्यात कुणालाही समजवायला लागत नाही.

रंग एकच, गढूळ. छपाईसाठी आकडे: सायन 25, मॅजेंटा 45, यलो 60, ब्लॅक 10. स्क्रीनवर हा रंग मातीसारखा दिसतो, कागदावर थोडा लालसर येतो.

चिठ्ठ्यांची परीक्षा पुन्हा, यावेळी सात जणांवर, त्यातले चार अगदी नवीन. काळ आता पाचच होते, 1958 ची आठवण मधल्या आठवड्यात काढून टाकली, आठवणीतल्या माणसाला आठवण येणं हे कागदावर झेपत नाही. सातपैकी पाच जणांनी बरोबर लावल्या. काकूंनीही.

18 ऑगस्ट

पुराव्याचं नाणं. माझी मूळ युक्ती अशी होती: ट्रंकेत एक नाणं सापडतं, तात्या म्हणतो ट्रंक पुराच्या दिवशीच चोरून लपवली, पण नाण्यावर "नया पैसा" न लिहिता नुसतं "पैसा" आहे. 1957 ला दशमान नाणी आली तेव्हा ती नया पैसा होती, 1964 ला "नया" शब्द गेला. म्हणजे ट्रंक 1964 नंतर कुणीतरी उघडली, आणि माईचा नवरा तर 63 लाच गेला.

कागदावर चांगलं, पानावर शून्य. छापल्यावर ते नाणं चार मिलीमीटरचं होणार, त्यावरची अक्षरं कुणाला दिसणार. मोठं करून पूर्ण पॅनेल दिलं तर पान 4 वरच वाचणाऱ्याला कळतं की हाच पुरावा, मजा गेली. दोन आठवडे यात गेले.

मामांच्या जुन्या नाण्यांच्या डब्याने सोडवलं. एक नया पैसा गोल आणि तांबड्या काशाचा, आणि 1965 पासूनचा ॲल्युमिनियमचा एक पैसा चौकोनी. आकारच वेगळा. चार मिलीमीटरमधेही चौकोन तो चौकोन. आता पान 4 वर ट्रंकेतल्या गोल नाण्यांच्या ढिगात एक चौकोनी पैसा नुसता पडलेला आहे, कुणी त्याबद्दल बोलत नाही, आणि पान 24 वर पाणक्या तो उचलतो. ज्यांनी लहानपणी ते नाणं हातात धरलंय त्यांना पान 4 वरच खटकेल, बाकीच्यांना 24 वर परत मागे जाऊन बघता येईल. चित्रकथेत पुरावा दिसायला हवा, वाचायला लागला की तो लपत नाही आणि सापडतही नाही.

या आठवड्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय, रात्री दहापर्यंत टेबलावर बसवत नाही. काम साडेदहानंतर.

1 सप्टेंबर

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रम लागत होता तरी दोन जण म्हणाले की गोष्ट "तुटते". ताईने नीट सांगितलं: "मला कळतंय की हे 61 आहे, पण आत्ताच का दाखवतोयस ते कळत नाही." मी तिच्याशी वाद घातला, घरी येऊन सगळी पानं फरशीवर मांडली आणि जुना काळ जिथे जिथे सुरू होतो त्याच्या आधीचं पॅनेल नुसतं बघत गेलो. पाचपैकी चार ठिकाणी आधीच्या पॅनेलमधे पाणक्या एखाद्या ओल्या वस्तूला हात लावतो आणि बस्स. हात लागला म्हणून भूतकाळ आला. म्हणजे शक्तीमुळे आला, गोष्टीला गरज होती म्हणून आला नाही.

मग पिवळ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि प्रत्येक जुन्या प्रसंगाच्या आधी वाचणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न असायला हवा ते लिहिलं, आणि प्रसंग संपल्यावर काय उत्तर घेऊन तो परत येतो ते. जिथे प्रश्न लिहिता आला नाही तो प्रसंग हलवला किंवा काढला. उदाहरण देतो. 12 जुलैची दुपार पान 6 वर येते. आधी तिथे पाणक्या ट्रंकेचं गंजलेलं कडं धरतो एवढंच होतं. आता पान 5 च्या शेवटी तात्या म्हणतो, "ट्रंक वाहून गेली हे वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं", आणि माई म्हणते, "तुझे वडील तेव्हा वाड्यात नव्हतेच." मग हात, मग पान उलटून दुपार. आता मी न सांगताही वाचणारा त्या दुपारी तात्याच्या वडिलांना शोधतो. ते तिथे आहेत, ट्रंक जिन्यावरून वर ओढताना. म्हणजे माईची आठवण चुकली आणि तात्याचीही, आणि तिथून नवा प्रश्न तयार होतो.

दुसरं असं की जुना प्रसंग नेहमी पान उलटल्यावर सुरू व्हायला हवा, म्हणजे डावीकडच्या पानावर. उजव्या पानाच्या मधेच काळ बदलला की डोळा आधीच दोन्ही पानं बघून गेलेला असतो. हे पाळायला तीन प्रसंगांची लांबी एकेक पानाने कमीजास्त करावी लागली.

यासाठी पूर्ण झालेली सहा पानं मोडली. तीन आठवडे गेले ते वाचले असते, जर हे चिठ्ठ्यांचं काम 2 जूनला स्क्रिप्टवरच केलं असतं. कुणी असली गोष्ट करत असेल तर चित्राला हात लावायच्या आधी हे करा, अगदी कळकळीने सांगतोय.

15 सप्टेंबर

गणपती. काम नाही.

22 सप्टेंबर

पाणक्याचं लहानपण काढून टाकलं. चार पानं. त्याची आई कात्रजच्या तलावावर धुणं धुताना, तो भुयारात अडकतो, अंधारात पाण्यात रात्र काढतो, शक्ती मिळते. ही माझी सगळ्यात चांगली काढलेली पानं होती, पाच आठवडे खर्च झाले होते. पण पिवळी चिठ्ठी लिहायला बसलो तर प्रश्नच लिहिता येईना. वाचणारा तेव्हा ट्रंकेच्या मागे आहे, त्याला पाणक्याच्या आईबद्दल काही विचारायचंच नाहीये. सुपरहिरोला शक्ती कुठून आली हे सांगावंच लागतं असं मी धरून चाललो होतो.

एक पॅनेल ठेवलं. पान 19 वर माई विचारते, "तुला हे कधीपासून दिसतं रे बाळा?" आणि तो म्हणतो, "लहानपणी एक रात्र भुयारात होतो." पुढे काही नाही. माई त्याच्या हातावर हात ठेवते.

आतली पानं 32 ची 28 झाली. पिना मारून बांधायचं तर पानं चारच्या पटीत लागतात, त्या हिशोबात बसलं.

6 ऑक्टोबर

अक्षरं. चित्र ज्या सॉफ्टवेअरमधे काढतो त्यात मराठी टाईप केलं की जोडाक्षरं कधी नीट तर कधी सुटी पडत होती, म्हणून चित्रं तिथून काढून अक्षरं इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे बसवली, तिथे नीट येतात. फॉन्ट मोफतचा घेतला. एक गोष्ट कुणी सांगत नाही: बऱ्याच देवनागरी फॉन्टमधे ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्या वळणाचे फॉन्टमधे असतात पण मजकुराची भाषा मराठी आहे असं ठरवून दिल्याशिवाय ते पुढे येत नाहीत. मी निम्मं पुस्तक हिंदी ल मधे बसवलं आणि मामांनी एका नजरेत ओळखलं. तसंच "वाऱ्याने", "दुसऱ्या" यातला अर्धा र तपासून घ्या, काही फॉन्टमधे तो रफार होऊन जातो.

ओळींमधलं अंतर इंग्रजी कॉमिकसारखं ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर बसतात. 8.5 पॉइंटच्या अक्षराला 10 ठेवलं होतं, 12 केल्यावर सुटं झालं. त्यामुळे संवादाचे फुगे उंच होतात. आणि रुंदही, कारण "सांगितल्याशिवाय" हा एक शब्द एक ओळ खातो आणि मधे तोडता येत नाही. फुग्याची जागा कच्च्या पानातच धरायला हवी होती, मी धरली नाही. पान 4 वर फुगा बरोबर त्या चौकोनी पैशावर बसला होता. रात्री दीड वाजता लक्षात आलं. नाहीतर पुराव्याशिवाय छापलं असतं.

आवाजाची अक्षरं मामांनी हाताने काढली, ते पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी दाखवलं की शिरोरेघ हीच खरी गंमत आहे. "टप टप" ला रेघ तुटक. "धो धो" ला रेघ जाड आणि खाली वाकलेली, वजनाने वाकल्यासारखी. भिंत पडते त्या "धाडकन" ला रेघ मधे मोडली आहे आणि अक्षरं तिच्यावरून घसरतायत. इंग्रजीत हे करताच येणार नाही. मामा दोन रविवार बसले, एक पैसा घेतला नाही.

20 ऑक्टोबर

सगळ्यात महाग चूक इथे होती. पानं मी अमेरिकन कॉमिकच्या मापात काढली होती, 6.625 बाय 10.25 इंच, चांगली दिसतात म्हणून. शनिवार पेठेतल्या एका डिजिटल प्रेसवाल्यांना भाव विचारला तर त्यांनी कागद मांडून दाखवला: 13 बाय 19 च्या शीटवर त्या मापाची दोन्ही बाजू धरून फक्त चार पानं बसतात. 28 पानांना 7 शीट, शीटचे 26 रुपये, म्हणजे आतली पानंच 182 रुपये. ए5 करावं तर प्रमाण जुळत नाही, वरखालून चित्र कापलं जातं.

त्यांनीच सुचवलं, "डेमी एक अष्टमांश करा की." 5.5 बाय 8.5. भागाकार करून बघितला, दोन्हीचं प्रमाण जवळजवळ एकच, 1.55. काही न कापता सगळं लहान होऊन 83 टक्क्यांवर येतं आणि एका शीटवर आठ पानं बसतात, म्हणजे 91 रुपये. पण 8.5 चं अक्षर 7 चं झालं आणि काकूंना वाचता येईना. सगळी अक्षरं नव्याने 9 वर बसवली, बारा ठिकाणी संवाद छाटले. 19 दिवस. आधी छापखान्यात जा, मग पहिली रेघ मारा.

10 नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिली डमी, म्हणजे नमुना प्रत, 160 रुपये. तीन गोष्टी बिघडल्या. कव्हरच्या घडीवर काळा रंग तडकून पांढरी रेघ आली, कारण 300 जीएसएमचा जाड कागद क्रीझ न करता, म्हणजे घडीची रेघ आधी न दाबता, दुमडला होता. आतलं भुयाराचं काळं राखाडी आलं, नुसत्या काळ्याने भरलं होतं, आता मोठ्या भागांत इतर तीन रंग थोडे मिसळलेत, अक्षरं मात्र शुद्ध काळीच ठेवली नाहीतर कडा फुटतात. आणि मधल्या पानांची बाहेरची कड कापताना दोन-तीन मिलीमीटर जास्त जाते, 15व्या पानावर माईचं बोट कापलं गेलं. कडेपासून 8 मिलीमीटर आत महत्त्वाचं काही ठेवायचं नाही असं आता ठरवलंय.

24 नोव्हेंबर

100 प्रती छापल्या. आतली 350 शीट 9,100 रुपये, कव्हरची 50 शीट 1,750, लॅमिनेशन आणि क्रीझिंग 600, पिना आणि कटिंग 500. एकूण 11,950, म्हणजे प्रत साधारण 120 ला पडली. झेरॉक्स, डमी, अप्पा बळवंत चौकातून आणलेला कागद-शाई धरून अजून 3,400. किंमत 150 ठेवली. तास मोजले ते 610 झाले, त्यातले 200 तरी पुन्हा काढण्यात गेले.

15 डिसेंबर

41 प्रती गेल्या. अनोळखी नऊ जणांनी कळवलं, त्यातल्या आठ जणांनी क्रमाबद्दल काही विचारलं नाही. एकाला 1966 कळलं नाही, त्याला डागाची रेघ छपाईतला दोष वाटली. तो पट्टा पुढच्या वेळी जरा गडद करणार.

आजीला प्रत आज दिली. ती 61 ला चौदा वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची, नंतर त्यांना गोखलेनगरला जागा मिळाली. या विषयावर ती कधी बोलत नाही म्हणून मी आधी विचारलंच नव्हतं. तिने चष्मा पुसून सावकाश सगळं वाचलं. दुपारचं पान आलं तेव्हा मला पेन्सिल मागितली आणि पानाच्या कडेला, मी पाणी जिथे थांबवलंय त्याच्या वर दोन बोटं, एक आडवी रेघ मारली. म्हणाली, "इथपर्यंत होतं. कोनाड्यातले देव बुडाले होते आमचे."

मग बराच वेळ बोलत होती. मी लिहून घेतलंय. दुसऱ्या छपाईत दुपारची पातळी तिच्या रेघेवर नेतोय, त्याबरोबर 1966 चा डागही वर सरकेल, एकूण नऊ पानांवर काम आहे. पान 7 वर वाड्याच्या भिंतीत एक कोनाडा काढायचाय.